सॉना केंद्राचा अनुभव : उष्णता झकास, माहितीपत्रक रद्दीत

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे जाता येईल. घाम काढायची गरम केबिन स्वच्छ, टॉवेल धुतलेले, मुली नम्र, घाम मनसोक्त येतो आणि रात्री झोप गाढ लागते. एवढ्यासाठी जायचं असेल तर खुशाल जा. पण काउंटरवरच्या गुळगुळीत माहितीपत्रकात छापलंय, की इथे बसल्यावर शरीरातली 'हीट शॉक प्रोटीन्स', म्हणजे उष्णतेच्या धक्क्याने पेशीत बनणारी प्रथिनं, वाढतात आणि वय उलटं फिरतं. त्या आशेने जाणार असाल तर पैसे वाचवा. आणि साठी ओलांडली असेल, रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर पुढचं सगळं वाचूनच काय ते ठरवा.

केंद्राचं नाव देत नाही. एकाच दुकानाची ही तऱ्हा असती तर दिलंही असतं. पण ठाण्याच्या बहिणीने आणि पुण्याच्या मैत्रिणीने त्यांच्या भागातली पत्रकं फोटो काढून पाठवली, त्यांतही हाच मजकूर, हेच हसरे पांढऱ्या केसांचे परदेशी जोडपे. आमचं हे नाशिकमधलं. लग्नाच्या वाढदिवसाला सुनेने आम्हा दोघांना पॅकेज भेट दिलं. तिचा हेतू चांगला होता, आणि फुकट मिळालेल्या गोष्टीलाही नावं ठेवायची माझी खोड जुनी आहे.

माझ्याविषयी एवढंच, की मी प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यामुळे 'हीट शॉक प्रोटीन' हे शब्द चकचकीत कागदावर वाचून मला आधी आनंदच झाला. आमच्या प्रयोगशाळेतून निघून हे बाई थेट ब्यूटी पार्लरच्या शेजारी येऊन बसलेत म्हणायचं!

जागा दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे. आत बासरी वाजत असते, गवती चहाचा वास असतो. चपला बाहेर, लॉकरची किल्ली मनगटात, दोन टर्किश टॉवेल, रबरी स्लिपर. मग फॉर्म. नाव, मोबाइल, जन्मतारीख (ऑफर पाठवायला), इन्स्टाग्राम आहे का, आमच्याबद्दल कुठे कळलं. संपला फॉर्म. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, चालू औषधं, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, एक अक्षर नाही. मी विचारलं तर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "काकू, हे एकदम नॅचरल आहे, कुणालाही चालतं." उन्हाळ्यात विदर्भात माणसं दगावतात ती उष्णताही नॅचरलच असते, हे मी तिला बोलले नाही. तिचं काय चुकलं? तिला जे पढवलं तेच ती बोलणार.

केबिन दोघांची. फिकट लाकडाची पेटी, पुढे काचेचं दार, पाठीशी, पोटऱ्यांशी आणि पायांखाली काळे सपाट पॅनेल. त्यातून इन्फ्रारेड किरणं येतात. आपल्या पंचकर्मवाल्यांच्या पेटीत डोकं बाहेर आणि धड वाफेत असतं. इथे वाफ नाही, डोकंही आतच. भिंतीवर लाल आकडे ६५ दाखवत होते. मी पर्समध्ये जुना प्रयोगशाळेतला थर्मामीटर घेऊन गेले होते (आमचे हे म्हणाले, "तू सुधारणार नाहीस"). दोऱ्याने खांद्याच्या उंचीवर धरला, तर ५४. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. गरम हवा वर चढते, त्यांचा सेन्सर छताशी आहे. शिवाय इन्फ्रारेडमध्ये हवेपेक्षा किरणांनीच कातडी जास्त तापते. पण फिनलंडच्या पारंपरिक सॉनात दगडांवर पाणी मारून ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या हवेत बसतात. त्या सॉनाचे अभ्यास पत्रकात छापायचे आणि प्रत्यक्षात ५४ अंशांत बसवायचं, हे गिऱ्हाइकाला सांगायला नको?

बाकी आतला अनुभव खरंच सुखाचा. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही, मग वरच्या ओठावर घाम, मग कोपरांच्या आतल्या बाजूला, आणि पंधराव्या मिनिटाला पाठीचा कणा मोकळा होऊ लागतो. माझा डावा खांदा हिवाळ्यापासून धरलेला आहे, तो त्या संध्याकाळी केस विंचरताना वर गेला. दोन दिवसांनी परत धरला, ते वेगळं. सांध्यांच्या शेकाचे पैसे म्हणून मी या केंद्राला पाचपैकी चार तारे सहज देते.

आता पत्रकाकडे वळू. त्यात तीन वाक्यं ठळक आहेत. पहिलं, उष्णतेने हीट शॉक प्रोटीन्स तयार होतात. दुसरं, ती बिघडलेली प्रथिनं दुरुस्त करतात. तिसरं, म्हणून म्हातारपण थांबतं. पहिली दोन सोळा आणे खरी आहेत. घोळ आहे तो तिसऱ्यातल्या 'म्हणून'मध्ये.

ही गोष्ट सुरू झाली इटलीत, नेपल्सला. फेरुच्चो रितोस्सा नावाचा तरुण शास्त्रज्ञ फळमाश्यांच्या अळ्यांच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रं पाहत होता. त्याच्या सहकाऱ्याने नकळत इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं. रितोस्साने काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर गुणसूत्रांवर नेहमी नसलेल्या जागी फुगवटे आलेले. फुगवटा म्हणजे तिथलं जनुक कामाला लागलेलं. १९६२ साली त्याने ते छापलं. त्याआधी एका मोठ्या नियतकालिकाने 'याला जीवशास्त्रीय महत्त्व नाही' म्हणून परत पाठवलं होतं. मग १९७४ मध्ये आल्फ्रेड तिसिएर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की उष्णता दिल्यावर माशीच्या पेशीत ठराविक प्रथिनं झपाट्याने बनू लागतात. तीच ही हीट शॉक प्रोटीन्स. त्यांना वजनावरून नावं पडली : एचएसपी-७०, एचएसपी-९०, एचएसपी-६० आणि धाकटी भावंडं.

बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्यांना तो फुगवटा आठवत असेल. आपल्याकडे त्यासाठी कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या लालभडक अळ्या वापरायचे. साचलेल्या गटारातून बादलीभर चिखल आणून त्या वेचायचं काम आमचा प्रयोगशाळा-सेवक नाक मुरडत करायचा. अळी काचेवर घ्यायची, एका सुईने धड दाबायचं, दुसरीने डोकं हळूच ओढायचं, की मागोमाग दोन काचेसारख्या पारदर्शक ग्रंथी निघतात. ॲसिटोकार्मिन या तांबड्या रंगाचा थेंब, थोडा वेळ थांबायचं, वर कव्हरस्लिप, टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा सरकला की गुणसूत्रांचा चोथा. नीट जमलं की तांबड्या पट्ट्यापट्ट्यांच्या जाड दोऱ्या पसरतात आणि मध्येच एखादी दोरी कापसासारखी पिंजारलेली दिसते. ती दिसल्यावर मागच्या बाकावरची मुलंही सूक्ष्मदर्शकापाशी रांग लावायची. बनारस हिंदू विद्यापीठात सुभाष लखोटिया यांनी फळमाशीच्या अशाच एका फुगवट्यावर, ९३-डी वर, कित्येक दशकं काम केलं. गंमत म्हणजे उष्णतेने जागं होणारं तिथलं जनुक प्रथिन बनवण्यासाठी नाहीच, ते नुसता आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, बनवतं. असल्या गोष्टी पत्रकात येत नाहीत, कारण त्या विकता येत नाहीत.

तर ही प्रथिनं करतात काय? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, आणि ती ठराविक घडी घालूनच कामाची होते. उष्णतेने घडी सुटते. अंड्याचा पांढरा बलक तव्यावर पडला की पांढराफट्ट घट्ट होतो, ते घडी सुटलेल्या प्रथिनांनी एकमेकांना चिकटणंच. पेशीत तेवढी टोकाची वेळ येत नाही, पण वॉशिंग मशीनमधून पिळा पडून निघालेल्या साड्यांसारखी प्रथिनं एकमेकांत अडकतात. एचएसपी-७० उघडा पडलेला भाग धरून ठेवतं, ऊर्जा खर्च करून सोडतं, पुन्हा धरतं, आणि तेवढ्या उसंतीत साखळी आपली घडी घालून घेते. नाहीच जमलं तर ती मोडीत काढायला पाठवली जाते. हे काम बारा महिने चाललेलं असतं. उष्णतेतच नाही, तर विषारी धातू, ऑक्सिजनची कमतरता, ताप, जोराचा व्यायाम, सगळ्यात.

आणि हे सुरू करणारा एक मुकादम आहे, एचएसएफ-१ (हीट शॉक फॅक्टर) नावाचं प्रथिन. एरवी एचएसपी-९० आणि एचएसपी-७० यांनीच त्याला धरून ठेवलेलं असतं. बिघडलेली प्रथिनं वाढली की ही मंडळी तिकडे धावतात, हा सुटतो, त्याचे तीन-तीन रेणू एकत्र येऊन केंद्रकात जातात आणि हीट शॉक जनुकं चालू करतात. काम आटोक्यात आलं की पुन्हा त्याला धरून बसवतात. इतकी साधी, चोख व्यवस्था मला आजवर कुठल्या कार्यालयात दिसलेली नाही.

इथे पहिली गोम. प्रयोगशाळेत हा धक्का द्यायला २५ अंशांवर वाढवलेली माशी ३७ वर नेतात. माणसाच्या पेशी ३७ वरून ४२-४३ वर. म्हणजे पाचसहा अंशांची उडी. केबिनमध्ये हवा कितीही तापली तरी घाम आणि कातडीकडे धावणारं रक्त मिळून आतलं तापमान सांभाळतात, त्यासाठीच तर ती यंत्रणा आहे. बाहेर येऊन दहा मिनिटांनी माझं तोंडातलं तापमान भरलं ३७.५, आत जाताना होतं ३६.६. तोंडातलं मोजमाप काही फार भरवशाचं नसतं, पण साधारण एक अंश हा आकडा सॉनाच्या मानाने वाजवीच आहे. एवढ्यानेही काही प्रतिसाद मिळतो. कातडी आतल्या अवयवांपेक्षा जास्त तापते, आणि नियमित उष्णता घेणाऱ्यांच्या रक्तपेशींत एचएसपी-७० ची पातळी वाढलेली आढळते. पण 'प्रत्येक सत्रात पेशींचा पुनर्जन्म' हे पत्रकातलं वाक्य लिहिणाऱ्याला एकदा कायरोनोमस वेचायला पाठवावं.

दुसरी गोम मोठी आहे, आणि माझं खरं भांडण तिच्यावरूनच आहे. हे पॅकेज 'सीनियर स्पेशल' आहे. साठीच्या पुढच्यांना सवलत. आणि साठीच्या पुढच्यांतच हा प्रतिसाद मंदावलेला असतो!

सूत्रकृमी नावाचा एक मिलिमीटरचा प्राणी आहे, त्याच्यावर अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रिचर्ड मोरिमोटो यांच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये दाखवलं, की तो वयात येऊन अंडी घालायला लागला की काही तासांतच त्याचा उष्णतेला मिळणारा प्रतिसाद कोसळतो. हळूहळू झिजून नाही, एकदम. एचएसएफ-१ असतो, पण जनुकांपाशी पोचायची वाटच बंद होते. पोरं झाली, आता तुमचं तुम्ही बघा, असा तो निसर्गाचा रोकडा व्यवहार. उंदरांच्या जातीत इतकं अचानक होत नाही. म्हाताऱ्या रॅटच्या यकृताच्या पेशींना उष्णता दिली तर तरुणांपेक्षा एचएसपी-७० कमी बनतं, कारण एचएसएफ-१ डीएनएला धरायला कमी पडतो. टेक्सासमधल्या संशोधकांनी १९९३ मध्ये हे छापलं आणि सोबत एक मजेची गोष्टही : आयुष्यभर कमी खायला दिलेल्या म्हाताऱ्या रॅटमध्ये हा प्रतिसाद बराच टिकून राहतो. (आमच्या ह्यांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते श्रीखंड खात होते. "मी रॅट नाही," एवढंच म्हणाले.) व्यायामाचंही तेच. स्नायू आकुंचन पावले की तरुण प्राण्यांत ही प्रथिनं जोरात वाढतात, म्हाताऱ्यांत कमी. गंमत अशी, की म्हाताऱ्या ऊतींत नेहमीची पातळी कधीकधी वाढलेलीही सापडते, कारण पसारा साठलेला असतो. कमी पडते ती ऐनवेळची धाव.

त्यामुळे 'वय वाढलं की ही प्रथिनं घटतात, म्हणून उष्णता घेऊन ती वाढवा' हे तर्कट ऐकायला गोड आहे, पण ज्या बटणाचा स्प्रिंग ढिला झालाय तेच बटण दाबायला सांगणारं आहे. उष्णता मात्र तुम्हाला पुरेपूर लागते. उतारवयात घाम उशिरा आणि कमी सुटतो, तहान मंदावते, कातडीकडे रक्त सोडायची हृदयाची ताकद कमी झालेली असते. शिक्षा पूर्ण आणि बक्षीस अर्धं.

ज्यांना ही प्रथिनं कमी पडल्याचा खरा परिणाम बघायचाय त्यांनी माझ्यासारखं मोतीबिंदूच्या रांगेत बसावं. आपल्या डोळ्यातल्या भिंगात अल्फा-क्रिस्टलिन नावाचं प्रथिन आहे, भिंगातल्या एकूण प्रथिनांच्या साधारण एक तृतीयांश. ते धाकट्या हीट शॉक प्रथिनांच्याच घराण्यातलं. बाकीच्या प्रथिनांना चिकटून गढूळ होऊ न देणं हे त्याचं काम. १९९२ मध्ये जोसेफ हॉरविट्झ यांनी ते दाखवलं. आता भिंगाच्या मध्यभागाच्या पेशी आपण जन्मायच्या आधी तयार झालेल्या असतात. त्यांच्यात केंद्रक उरत नाही, म्हणजे नवं प्रथिन बनवायची सोयच नाही. आईच्या पोटात मिळालेल्या शिधावर आयुष्य काढायचं. चाळिशी-पन्नाशीपर्यंत मध्यभागातला मोकळा, कामाचा साठा जवळपास संपतो. पुढे प्रथिनं गुठळ्या धरू लागतात आणि प्रकाश विखुरतो. समोरून येणाऱ्या स्कूटरच्या दिव्याभोवती मला वलय दिसायला लागलं होतं ते यामुळे. या पेशींत कितीही सॉना घेतला तरी एचएसपीचा एक रेणू नवा बनणार नाही. उलट काचभट्टीवर काम करणाऱ्यांना वर्षानुवर्षांच्या इन्फ्रारेडने मोतीबिंदू होतो हे जुनं ज्ञान आहे. त्या भट्टीची आणि या केबिनची तुलना नाही, पण मी आत डोळे मिटून बसते.

फिनलंडचा अभ्यास पत्रकात आहे, आणि तो अभ्यास चांगलाच आहे. पूर्व फिनलंडमधले ४२ ते ६० वर्षांचे २३१५ पुरुष, सुमारे वीस वर्षं लक्ष ठेवलेले. आठवड्यात चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत, एकदाच घेणाऱ्यांच्या मानाने मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी. २०१५ ला छापून आला. पण तो निरीक्षणाचा अभ्यास आहे. रोज सॉनात बसायला वेळ, घर आणि तब्येत असलेला माणूस मुळातच बरा जगत असेल, ही शंका संशोधकांनी हिशेबात धरली तरी पूर्ण जात नाही. त्यात बायका नव्हत्या. आणि त्यात कुणाची हीट शॉक प्रोटीन्स मोजून 'यांच्यामुळे आयुष्य वाढलं' असं दाखवलेलं नाही. रक्तवाहिन्या सैल होणं, रक्तदाब उतरणं ही जास्त सरळ कारणं आहेत.

मला पत्रकात खरं तर जपान हवा होता. तिथे कागोशिमाला चुवा तेई यांनी 'वाओन' नावाची पद्धत बसवली, हृदय कमजोर असलेल्या रुग्णांसाठी. साठ अंशांच्या इन्फ्रारेड खोलीत पंधरा मिनिटं, मग अर्धा तास ब्लँकेटमध्ये गुंडाळून पडून राहायचं, आणि घामाने जितकं वजन घटलं तितकं पाणी मोजून प्यायला द्यायचं. साठ अंश आणि इन्फ्रारेड, म्हणजे आपल्या केबिनच्या सगळ्यात जवळचं. पण ते छापलं तर वजनकाटा ठेवावा लागेल, पाणी द्यावं लागेल आणि पंधरा मिनिटांत गिऱ्हाईक उठवावं लागेल. इथे सत्र पाऊण तासाचं आहे.

पाऊण तासाचंच झालं शेवटी आमच्या ह्यांच्या बाबतीत. त्यांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या आहेत, त्यातली एक लघवी वाढवणारी. पंचविसाव्या मिनिटाला मी म्हटलं चला, तर म्हणाले, "पैसे पूर्ण वेळेचे घेतलेत ना?" मी बाहेर आले, ते बसून राहिले. बेल वाजल्यावर ताडकन उठले आणि दाराची चौकट धरून खालीच बसले. चेहरा पांढरा, कपाळ गार. कातडीतल्या रक्तवाहिन्या उष्णतेने सैलावलेल्या, घामाने पाणी गेलेलं, गोळीने आधीच उतरवलेला दाब, त्यात उठण्याची घाई : डोक्याला रक्त कमी पडणारच. केबिन सांभाळणारी मुलगी, दिंडोरीकडची, तिने मात्र कमाल केली. आरडाओरडा नाही, "आजोबा, झोपा" म्हणून तिथेच आडवं केलं, पाय स्टुलावर ठेवले आणि स्वतःच्या डब्याशेजारच्या पिशवीतून लिंबू, मीठ, साखर काढून सरबत केलं. केंद्रात पाण्याचा जार होता, पण ग्लास 'मेंबर्स ओन्ली' कपाटात. दहा मिनिटांत हे माणसात आले आणि पहिला प्रश्न, "उरलेली सत्रं ट्रान्सफर होतात का?"

मालक नंतर भेटले. तरुण आहेत, ऐकून घेतलं. फॉर्ममध्ये औषधांचा रकाना घालतो म्हणाले, रक्तदाबाचं यंत्र ठेवतो म्हणाले. पुढच्या वेळी गेले तेव्हा यंत्र होतं, रकाना नव्हता. यंत्राच्या शेजारी नवीन एक गोष्ट आली होती : 'एचएसपी बूस्टर' कॅप्सूल. साठ गोळ्यांचे अठराशे रुपये. आत हळद, अश्वगंधा आणि 'प्रोटीन ब्लेंड'.

याच्यावर थोडं बोलावंच लागेल. हीट शॉक प्रोटीन पेशीच्या आत बनतं आणि मुख्यतः आतच काम करतं. गोळीतून खाल्लेलं कुठलंही प्रथिन पोटात पचून अमिनो आम्लं होतं. त्या दृष्टीने मटकीची उसळ आणि हा ब्लेंड एकच. पेशीला स्वतःचं एचएसपी-७० बनवायला लावणारं औषध असू शकतं का? असू शकतं. जपानमध्ये टेप्रेनोन नावाचं औषध १९८४ पासून पोटाच्या अल्सरवर देतात, ते एचएसपी-७० वाढवतं असं नंतर लक्षात आलं. म्हातारपणावरचं औषध म्हणून ते कुणी देत नाही. आणि त्याच जपानने २०२२ मध्ये पिमिटेस्पिब या औषधाला परवानगी दिली, ते एचएसपी-९० ला रोखतं, एका प्रकारच्या पचनमार्गाच्या कर्करोगासाठी. कारण कर्करोगाची पेशीही या मंडळींच्या जिवावर तगते. तिची स्वतःची प्रथिनं इतकी वेडीवाकडी असतात की सांभाळणारे जास्त लागतात. अमेरिकन शास्त्रज्ञ सुसान लिंडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये दाखवलं, की ज्या उंदरांत एचएसएफ-१ च नाही त्यांना गाठी कमी होतात. सूत्रकृमीत मात्र तोच एचएसएफ-१ वाढवला तर आयुष्य वाढतं, हेही तितकंच खरं, २००३ चं काम आहे. म्हणजे 'जितकं जास्त तितकं चांगलं' असा हा मामला नाही. बूस्टर शब्द पाहिला की मी चष्मा काढून ठेवते.

मग मी अजून जाते का? जाते. महिन्यातून कधीतरी, खांदा धरला की. वीस मिनिटं, आधी एक तांब्या पाणी, नंतर दहा मिनिटं आडवं. हे येत नाहीत, ते गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, फिरायला जातात, आणि खरं सांगायचं तर भरभर चालून तापलेल्या मांडीच्या स्नायूला जो प्रतिसाद मिळतो तो फुकट असतो, वर तोल आणि ताकद मिळते ती वेगळी.

जाणाऱ्यांसाठी कामाचं : एका सत्राचे १२००, पॅकेज घेतलं तर स्वस्त, पण मुदत तीनच महिन्यांची. सकाळची पहिली वेळ घ्या, लाकूड कोरडं असतं. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांवर असाल, अलीकडे हृदयाचा झटका येऊन गेला असेल, जुलाब किंवा ताप असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि एकटे आत बसू नका. दारू पिऊन तर मुळीच नाही. पाण्याची बाटली घरून न्या. पार्किंग खाली आहे, वॉचमन दहा रुपये मागतो, पावती देत नाही. उष्णतेला चार तारे, दिंडोरीच्या मुलीला पाच, फॉर्मला शून्य, माहितीपत्रकाला शून्य. कॅप्सूल घेऊ नका. पाकीट फोडलं नाही तरी ते परत घेत नाहीत, माझ्या समोर एका काकांशी वाद झाला.